चौदा पाणी

धुळे,
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, ११ डिसेंबर २०२४

ज्याच्या कृपेवाचून लेखणी उचलली जात नाही आणि उचललेली लेखणी ज्याच्या साक्षीवाचून एक अक्षर उमटवत नाही, त्या अंतर्यामीला प्रथम नमन. त्याने या म्हाताऱ्या हाताला सांभाळून घ्यावे.

चि. भूमिकेस, आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली पोहोचली. एकादशीला मी मौन पाळतो, फोनही घेत नाही. म्हणून पत्रांची उत्तरे याच दिवशी निवांतपणे होतात. जपान, ओमान आणि आपला खान्देश, अशा तीन ठिकाणच्या बांधकाम ठेकेदारांच्या संस्था कशाने कार्यक्षम होतात, या तुझ्या प्रबंधात आमच्या दोघा भावांच्या ‘गिरधर शालिग्राम आणि मंडळी’ला जागा मिळावी, हे वाचून ऊर भरून आला. तुझे आजोबा गिरधरभाऊ आज असते, तर नातीचे पत्र खिशात घालून गल्लीभर फिरले असते. गेल्या दिवाळीत तू आमच्या रोजवह्यांचे फोटो काढत होतीस, तेव्हा त्या जुन्या कागदांचा हिला काय उपयोग, असे मला वाटले होते.

तू विचारतेस की सव्वीस वर्षांत आमचे एकही काम मुदतीपलीकडे कसे गेले नाही. उत्तर साधे आहे. इतर ठेकेदारांची माणसे कापूस वेचणीला निघून जात आणि काम उघडे पडे. आमची टोळी मुकादम तोतारामच्या गावची, एकमेकांच्या नात्यातली. वेचणीचे पंधरा दिवस आम्हीच त्यांना मोकळे करायचो. म्हणून सोळाव्या दिवशी सगळी परत कामावर असत. दुसरे असे, की स्लॅबखाली लावायच्या लोखंडी प्लेटा आणि टेकूच्या बल्ल्या यांचा आमच्याकडे एकच संच होता, पण तो कधी पडून राहिला नाही. एका गावचा स्लॅब सुटला की दुसऱ्या दिवशी तोच संच पुढच्या गावी लागलेला असे. स्लॅबला ठरलेले पाणी देण्यात आम्ही कधी कसूर केली नाही. बाकी सर्व ईश्वरी कृपा.

एकच अपघात घडला, एकोणीसशे नव्याण्णवच्या हिवाळ्यात, धरणगाव तालुक्यात. मुकादमाच्या मोजणीत चूक झाली होती. त्यानंतर तोताराम आमच्याकडे राहिला नाही. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

परदेशात पायात गरम मोजे घालत जा.

तुझा
आबा


ओसाका,
४ जानेवारी २०२५

ती. आबांस, साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मी आमच्या प्राध्यापकांना अर्थ सांगून वाचून दाखवले. ‘वेचणीला माणसे पळू नयेत म्हणून त्यांना आपणच सोडायचे’ हे ऐकून ते इतके खूश झाले, की त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहून घेतले.

इथल्या संस्था कशाने पुढे जातात, ते सांगते. ओसाकात काम फार हळू सुरू होते. कित्येक महिने सगळी इमारत कागदावरच बांधतात. मग रोज सकाळी साऱ्यांनी गोल उभे राहायचे आणि आज कुठे घात होऊ शकतो ते बोट दाखवून मोठ्याने म्हणायचे. प्लंबरपासून साहेबापर्यंत सगळे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. आता मीही ओरडते. मस्कतला मागच्या वर्षी चार महिने राहिले. तिथे एका साइटवर सहा देशांची माणसे असतात आणि भाषा एकमेकांना कळत नाही. म्हणून ज्या संस्थेत मजुराला काही विचारावेच लागत नाही, तीच जिंकते. तयार भिंती येतात, यंत्र उचलते, खुणेच्या चित्रावर सगळे चालते.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे कागदही नाही, यंत्रही नाही, तरी माझ्या आकडेवारीत तुमची संस्था साऱ्यांच्या पुढे निघते! रोजवह्यांत दिसते की इतर ठेकेदार स्लॅबखालचे टेकू चौदा दिवसांनी काढत, तुम्ही मात्र नेहमी आठव्या दिवशी सकाळी. म्हणजे एका संचात दुप्पट कामे. प्रत्येक ठिकाणी समासात तुमच्या अक्षरात ‘१४ पा.’ असे लिहिले आहे. हा ‘पा.’ मला आठवडाभर छळत होता. शेवटी उलगडले. पा. म्हणजे पाळी ना? दिवसपाळी आणि रात्रपाळी, सात दिवसांत चौदा पाळ्या! आबा, तुम्ही त्या काळी खान्देशात दोन पाळ्यांत काम चालवत होतात आणि घरात कुणाला ठाऊक नाही! माझ्या निबंधाचा सारा डोलारा आता या एका शोधावर उभा आहे. मे महिन्यात परिषदेत वाचायचा आहे आणि नंतर तो पुस्तकात छापला जाईल.

अपघाताची एक तळटीप द्यावी लागेल. चौकशीच्या कागदात मुकादमाचे नाव आहे, तेच देईन.

तुमची
भूमिका

ता. क. गरम मोजे घातले आहेत. दोन-दोन.


धुळे,
पौष वद्य एकादशी, २५ जानेवारी २०२५

चि. भूमिकेस आशीर्वाद.

पत्र पावले. तुझी बुद्धी तीक्ष्ण आहे. ‘पा.’ या अक्षराचा तू लावलेला अर्थ शब्दाला सोडून नाही. मी त्यात भर घालत नाही.

चौकशीच्या कागदावर जे आहे ते आहे. छापण्याविषयी तुझ्या विद्यापीठाचे जे नियम असतील, त्यांस अनुसरून करावे. माझी प्रकृती थोडी नरम आहे. झोप कमी झाली आहे. वाचन चालू आहे, पण ओळीवरून डोळा घसरतो. लांब लिहीत नाही.

आबा


ओसाका,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस, साष्टांग नमस्कार.

प्रकृतीला जपा. डॉक्टरांकडे जाऊन या. ‘जातो’ म्हणून घरीच बसण्याची तुमची सवय मला माहीत आहे.

एक कामही सांगते, रागावू नका. विद्यापीठाचा नियम असा, की ज्याचे नाव छापायचे त्याची लेखी संमती हवी. तोताराम मुकादमांचा पत्ता मी वहीतून काढून पाचोऱ्याला कागद पाठवला होता, तो परत आला. तुम्हाला त्यांचे घर ठाऊक असणार. तुम्हीच जाऊन सही आणाल का? सोबत कागद जोडला आहे. तळटीप अशी आहे:

‘डिसेंबर १९९९ मध्ये एका मंगल कार्यालयाच्या पोर्चचा स्लॅब टेकू काढताना कोसळला. मुकादम तोताराम याच्या मोजणीतील चुकीमुळे टेकू वेळेआधी काढले गेले होते. त्यात एक स्त्री मजूर कायमची जायबंदी झाली. दोन पाळ्यांच्या पद्धतीत अशिक्षित मुकादमावर विसंबण्याचा हा धोका होय.’

वाक्य थोडे कठोर वाटते का? पण खरे असले की कठोर चालते, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलेत.

तुमची
भूमिका


धुळे,
फाल्गुन शुद्ध एकादशी, १० मार्च २०२५

चि. भूमिकेस आशीर्वाद.

तुझा कागद घेऊन मी गेल्या गुरुवारी एस.टी.ने पाचोऱ्याला गेलो. गेल्या पंचवीस वर्षांत त्या घरी गेलो नव्हतो. काय घडले ते जसेच्या तसे लिहितो. वाचताना मध्ये थांबू नकोस.

ओट्यावर तोतारामची बायको कुंदाबाई लसूण सोलत बसली होती. जी स्त्री मजूर जायबंदी झाली असे तू लिहिले आहेस, ती हीच. त्या दिवशी ती पोर्चखाली सुटलेल्या प्लेटा रचत होती. डावा पाय घोट्यापासून वळला आहे. मला पाहून ती उठली नाही.

“या शेठ, या. आते काय मोजानं रही गयं?”

आतून तोताराम आला. सत्तरीचा झाला आहे, पण पाठ अजून ताठ आहे. “चूप बस व,” तो तिला म्हणाला आणि माझ्यासाठी खाट टाकली.

“कसाले चूप बसू? मना पाय यास्ना मोजनीमा गया. चौदालोंग मोजता येत नही, आनि म्हने मुकादम! आते बी बाजारमा धाडं तं सहा केळा सांगस, सात लई येतस.”

“सातवं तुन्हासाठे व्हतं,” तोताराम म्हणाला.

ती हसली नाही. पण ही त्यांची रोजची बोलणी असावीत, इतकी ती दोघांच्या तोंडात बसली होती. पंचवीस वर्षे हा माणूस तिच्याकडून हे ऐकत आला असावा, रागाचे एक अक्षर न बोलता.

मी कागद वाचून दाखवला. ‘मोजणीतील चुकीमुळे’ या शब्दांशी येताच मी पाणी मागून घेतले. तोतारामने सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, “जपानमा मनं नाव? चुकीसाठे का व्हयेना!” आणि खरोखर आनंदाने, एकेक अक्षर जोडत, त्याने सही केली. “शेठ सांगतस तं बराबरच व्हई.”

तो मला थांब्यापर्यंत सोडायला आला. बस दिसू लागली, तसा तो हळूच म्हणाला, “शेठ, एक इचारू? रागे भरू नका. तवय मी तुमले इचारं व्हतं ना? का मनाच भास शे तो?”

मी म्हणालो, “बस आली.”

भूमिका, त्याचा तो भास नव्हता.

आता ‘पा.’ चा अर्थ ऐक. पा. म्हणजे पाळी नव्हे. पा. म्हणजे पाणी. एक्याण्णव साली एका मोठ्या स्लॅबवर इंजिनिअर सांगून गेला, ‘चौदा दिवस पाणी मारा, मगच टेकू काढा.’ मी तोतारामला ‘चौदा पाणी’ एवढेच सांगितले. तो शेतकऱ्याचा मुलगा. शेतात पाणी मोजतात ते दिवसांनी नव्हे, देण्यांनी: गव्हाला पाच पाणी, कापसाला दोन पाणी. त्याने मला विचारले, “शेठ, चौदा पाणी म्हन्जे चौदा दिन, का चौदा सावा?” सावा म्हणजे वेळा. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असे स्लॅबला रोज दोनदा पाणी देत असत. चौदा वेळा मोजले तर काम सात दिवसांत आटोपते. पुढच्या गावी सळई बांधून तयार होती आणि प्लेटा अडकल्या होत्या. मी म्हणालो, “पाणी म्हणजे पाणी.”

एवढेच. हे वाक्य खोटे नाही, हे मी त्याच क्षणी ताडून पाहिले होते. माझ्या विद्वत्तेचा मी आयुष्यात केलेला सर्वांत कुशल उपयोग तो. आठव्या दिवशी टेकू निघाले, स्लॅब उभा राहिला आणि मग ती आमची रीत झाली. वहीत मी स्वतःच्या हाताने ‘१४ पा.’ लिहू लागलो, म्हणजे इंजिनिअरने पाहिले तर त्याने दिवस समजावे आणि तोतारामने पाहिले तर त्याने वेळा समजाव्या. तुला जी कार्यक्षमता दिसली, ती हीच. एकादशीला दोनदा आरती केली म्हणून दोन एकादशा होत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको होते.

नव्याण्णवच्या त्या हिवाळ्यात थंडी कडक होती. थंडीत काँक्रीट सावकाश घट्ट होते आणि पोर्चच्या दोन खांबांमधला गाळाही लांब होता. चौकशीला आलेल्या साहेबाने तोतारामला विचारले, किती दिवस ठेवले होते? तो छाती काढून म्हणाला, “चौदा पाणी दिधं, साहेब.” साहेब हसला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. तोतारामनेही पाहिले, त्याला वाटले, शेठ आता सांगतील. मी म्हणालो, “अडाणी माणूस आहे, मोजणीत चुकला.”

त्यानंतर त्याला कोणी मुकादम केले नाही. ज्याला चौदापर्यंत मोजता येत नाही, त्याच्या हाती टोळी कोण देणार? तो दुसऱ्यांच्या हाताखाली विटा वाहत राहिला. मी दवाखान्यात रोज कुंदाबाईला पाहायला जात असे, फळे नेत असे. ती मला हात जोडत असे आणि नवऱ्याकडे पाठ करत असे. मी ते पाहत असे.

धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताच्या आधी ख्यापन सांगितले आहे, म्हणजे आपले पाप आपल्या तोंडाने सांगणे. आज ते केले. सही झालेला कागद माझ्या पूजेच्या पेटीत आहे. पाकिटात घालायला हात धजत नाही. तुझा शोध माझ्यामुळे वाया गेला, यासाठी क्षमा माग म्हणशील तर मागतो.

आबा


ओसाका,
२८ मार्च २०२५

ती. आबांस नमस्कार.

तुमचे पत्र चारदा वाचले. पहिल्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना जाऊन सांगितले की दोन पाळ्या कधीच नव्हत्या, निबंध थांबवा. त्यांनी एवढेच विचारले, की हे कळले कसे? मी म्हटले, चुलत आजोबांनी सांगितले. ते उठून उभे राहिले आणि तुमच्या नावाने वाकले. मला मात्र वाकवेना. खोटे कशाला बोलू?

आबा, तुम्ही हे मला सांगितलेत. माझ्यासाठी ही एक तळटीप आहे. खोडली की संपली. कुंदाबाईंसाठी तो पाय आहे. तोतारामांनी पाचोऱ्याच्या थांब्यावर प्रश्न विचारला आणि तुम्ही त्याचे उत्तर ओसाकाला पाठवलेत. टपालही इतका लांबचा फेरा घेत नाही.

आणि तुम्ही लिहिता कधी? मौनाच्या दिवशी. तोंडाने सांगणे म्हणजे ख्यापन, हा अर्थ तुम्हीच दिलात ना? मग कागदावर मौनात केलेले ख्यापन कोणत्या शास्त्रात बसते, ते मला एकदा समजावून सांगा. मी तुमच्याच मांडीवर वाद घालायला शिकले आहे, म्हणून हे धाडस.

माझा प्रबंधही मला नव्याने मांडावा लागणार आहे. मी तीन देशांत प्लेटा, यंत्रे, दिवस आणि माणसे मोजत बसले. मजुराने विचारलेल्या प्रश्नाचे पुढे काय होते, हे मी कुठेच मोजले नाही. ओसाकात प्रश्न विचारणे हाच कामाचा भाग आहे. मस्कतात प्रश्नच उरू नये अशी तजवीज करतात. आपल्याकडे तोतारामांनी अगदी नेमका प्रश्न विचारला होता, एखाद्या इंजिनिअरने विचारावा असा. दिवस की वेळा? सबंध खान्देशात तो प्रश्न सुचलेला माणूस तो एकटाच असेल. आणि मी त्यांना अशिक्षित लिहून बसले होते.

तो कागद पाठवू नका. फाडूही नका. जिथून आणलात तिथे घेऊन जा.

भूमिका


पाचोरा,
२ मे २०२५

भूमिकाताईंना नमस्कार.

मी दिपमाला, तोताराम मुकादमांची सून. सासरे सांगतात आणि मी लिहिते. त्यांना मराठी लिहिता येते, पण ते एका पानाला दिवस लावतात.

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमचे आबा आमच्याकडे आले होते. आखाजीला आमच्याकडे माहेरवाशिणी येतात, झोके बांधलेले असतात. माझ्या दोन्ही नणंदा, शेजारपाजारच्या बाया, घर भरलेले होते. सासऱ्यांनी म्हटले, “शेठ, मधमा चला, आठे गलका शे.” तर आबा म्हणाले, “नाही. इथेच सांगतो, सगळ्यांसमोर.” आणि सहीचा कागद सासऱ्यांच्या हाती परत देऊन, ओट्यावर उभे राहून त्यांनी सगळे सांगितले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. झोके थांबले. शेवटी म्हणाले, “तोताराम, तू मला विचारले होतेस. तुझी मोजणी बरोबर होती. मी चौदा पाणी म्हणालो आणि चौदा दिवस लपवले. कुंदाबाई, तुमचा पाय यांनी मोडला नाही. मी मोडला.”

सासूबाई सासऱ्यांकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमी इचारं व्हतं?”

सासरे म्हणाले, “हाव.”

“मंग माले का नही सांगं?”

“सांगं व्हतं. दवाखानामा. तू म्हननी, शेठ देवमानूस शे, तो खोटं बोलाव नही.”

ताई, हे मी लिहिते आहे तेव्हाही सासरे शेजारी बसून म्हणतात, एवढं नको लिहू, शेठला वाईट वाटेल. पण सासूबाई म्हणतात, लिख. म्हणून लिहिले.

मग सासूबाई उठल्या आणि पाय ओढत आत गेल्या. आम्हाला वाटले, रडायला गेल्या. त्या चहा करून घेऊन आल्या. दोनच कप. एक सासऱ्यांच्या हातात दिला, दुसरा घेऊन त्यांच्या शेजारी खाटेवर बसल्या. मी इतकी वर्षे या घरात आहे, पण त्या दोघांना एका खाटेवर बसून चहा पिताना मी पहिल्यांदा पाहिले. तुमचे आबा समोर उभे होते. त्यांना कोणी दिला नाही. मी उठणार होते, तर सासूबाईंनी नुसते पाहिले आणि मी बसले. आबांनी दोघांचा चहा संपेपर्यंत वाट पाहिली, हात जोडले आणि ते निघाले. या वेळी सासरे थांब्यापर्यंत गेले नाहीत. जायला निघाले होते. सासूबाईंनी त्यांचा सदरा धरला होता.

सासरे सांगतात ते आता त्यांच्या शब्दांत लिहिते:

‘ताई, मनं नाव काढू नका. सही मी करेल शे, ती तशीच ऱ्हाऊ द्या. फक्त लिखेल बदला. लिखा, मोजनी बराबर व्हती. आनि शेठवर जास्ती लिखू नका. तो मानूस कामले चांगला व्हता. बठ्ठी टोळीले वेचनीले सोडे.’

सासूबाई म्हणतात, जास्त लिहायचे की कमी, ते तुम्ही ठरवा. त्यांनी आणखी एक विचारायला सांगितले आहे. जपानला सकाळी सगळे ओरडतात म्हणे, त्यात बायाबी असतात का?

आपली
दिपमाला


धुळे,
वैशाख शुद्ध द्वादशी, ९ मे २०२५

चि. भूमिकेस आशीर्वाद.

दिपमालेचे पत्र तुला पोहोचले असेल. तिने काय लिहिले, ते मी विचारले नाही. चहाचे लिहिले असेल तर ते खरे आहे. त्या ओट्यावर मी उभा होतो, तेवढा वेळ मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते, असे प्रथम वाटले. मग ध्यानात आले की बरे वाटून घेण्यासाठीच मी तिथवर गेलो होतो. आणि कुंदाबाईने ते मला दिले नाही. तिचे बरोबर आहे. क्षमा ही मागणाऱ्याची वस्तू नव्हे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मौनात लिहिलेले ख्यापन कोणत्याही शास्त्रात बसत नाही. मी एकादशीचे मौन सोडले आहे. उपवास चालू आहे.

आठ वर्षांत आमच्या हातून सात दिवसांत सुटलेल्या स्लॅबांची यादी मी वह्यांतून काढली आहे. एकेचाळीस आहेत. पाच इमारती पाडून झाल्या, बाकीच्यांत माणसे राहतात, लग्ने लागतात, धान्य साठते. एवढी वर्षे उभ्या आहेत म्हणून उद्याही राहतील, असे मला आता म्हणवत नाही. यादी आणि सोबत माझा जबाब मी जिल्ह्याच्या कार्यालयात दिला, तपासणीचा अर्ज केला आणि प्रत्येक मालकाला स्वतंत्र पत्र टाकले. एका मालकाचा फोन आला, “आबा, म्हातारपणी डोकं फिरलं का? घर विकायला काढलंय मी!” त्याला म्हटले, घेणाऱ्यालाही माझे पत्र दाखव. त्याने फोन ठेवला. मी त्या घेणाऱ्याचा पत्ता शोधतो आहे.

काल दुपारी तोतारामचा फोन आला होता. थोडकेच बोलला. सावद्याचा एक ठेकेदार म्हणतो, टोळी बघशील का? मी म्हटले, या वयात? तो म्हणाला, “काम करासाठे नही, शेठ. पोरेस्ले इचाराले शिकाडासाठे.” माझ्याकडून दाखला हवा होता, तो आजच लिहून टाकला. त्यात पहिले वाक्य आहे: या माणसाने मला योग्य प्रश्न विचारला होता.

तुझ्या पुस्तकात तळटीप छापशील ती अशी छाप. हे माझे शब्द आहेत, माझ्या सहीने:

‘टेकू वेळेआधी काढले गेले, ते ठेकेदार शालिग्राम याच्या संमतीने. मुकादम तोताराम याची मोजणी बरोबर होती. जायबंदी झालेल्या मजुराचे नाव कुंदाबाई. या संस्थेचा वेग हा तिच्या कार्यक्षमतेचा पुरावा म्हणून कोणी वापरू नये.’

आणि तळटीप सहसा कोणी वाचत नाही, म्हणून तिच्याखाली या म्हाताऱ्याचे एवढे आणखी राहू दे. जो कोणी हे वाचील, त्याच्या डोक्यावरचे छत ज्या हातांनी घातले त्या हातांना विचारण्याची मुभा मिळालेली असो. त्याला कोणी काही विचारले, तर सत्य त्याच्या तोंडी वेळेवर येवो. त्याच्या घरातली माणसे एकमेकांविषयी खोटे मानून वर्षे न घालवोत. वाचणाऱ्या सर्वांचे, आणि त्यांच्या छताखाली निजणाऱ्या सर्वांचे, कल्याण असो.

आबा